कॅमेऱ्याच्या अलीकडे, पलीकडे: स्वमग्न माणसे आणि स्वतंत्र सिनेमा

२००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ॲमी क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा स्वमग्न तरुणांना आणि स्वमग्न नसलेल्या तितक्याच जणांना एका जुन्या चित्रपटातले काही प्रसंग दाखवले. चित्रपट होता माइक निकोल्सचा १९६६चा ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’. एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांनी गाजवलेला, चार माणसांच्या रात्रभर चाललेल्या भांडणाचा. पाहणाऱ्याची नजर क्षणाक्षणाला पडद्यावर कुठे पडते, हे एक यंत्र नोंदवत होते. स्वमग्न नसलेले प्रेक्षक बहुतेक वेळ पात्रांच्या डोळ्यांकडे पाहत होते. स्वमग्न प्रेक्षकांची नजर ओठांवर, अंगावर, खोलीतल्या वस्तूंवर जात होती. एका प्रसंगात एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून ते कोणी काढले असे विचारते. स्वमग्न नसलेल्याची नजर बोटाच्या दिशेने थेट त्या चित्रावर गेली. स्वमग्न प्रेक्षकाने बोटाकडे लक्ष दिले नाही; प्रश्नातला ‘चित्र’ हा शब्द कानावर पडल्यावर त्याची नजर भिंतीवर शोध घेऊ लागली.

सामाजिक संकेत टिपण्यात या माणसांची अडचण नेमकी कुठे होते, हे त्या अभ्यासाने दाखवले, आणि शास्त्र म्हणून त्याचे मोल आहेच. पण सिनेमावर प्रेम करणाऱ्याला त्यातली दुसरीच गोष्ट टोचायला हवी. परीक्षा घेण्यासाठी सिनेमा वापरला गेला आणि उत्तरपत्रिका तपासण्यासाठी सिनेमाचेच व्याकरण प्रमाण मानले गेले. दिग्दर्शकाला जिथे नजर हवी होती तिथे जो पाहत नाही, तो कमी पडला. जिथे तो पाहत होता तिथे त्याला काय दिसले, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

हे व्याकरण शंभर वर्षांचे आहे. १९२०च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशी, कधी शवपेटीशी जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःखही दिसले. तेव्हापासून चेहरा, क्लोज-अप आणि नजरेची रेषा यांवर पडद्यावरचे सारे भावविश्व उभे आहे. पात्र कुठे पाहते ते पाहा, म्हणजे ते काय विचार करते ते कळेल, हा दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांच्यातला न बोललेला करार. तो ज्यांना जन्मतः सोपा नाही अशा माणसांना सिनेमाने दोनच जागा दिल्या: कॅमेऱ्यासमोर नमुना म्हणून, किंवा प्रयोगशाळेत प्रेक्षक म्हणून. इथला विषय तिसऱ्या जागेचा आहे. ही माणसे कॅमेऱ्यामागे उभी राहतात, पटकथेच्या टेबलावर बसतात, संकलनाच्या खोलीत ‘हे नको’ म्हणतात, तेव्हा काय घडते? याचे उत्तर आजवर मिळाले आहे ते बहुतांशी स्वतंत्र सिनेमात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे मध्यम आकाराच्या चित्रपटगृहात, हाउसफुल खेळाला, दोन-तीन प्रेक्षक. आपल्याकडे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद घेतली. माणसांच्या मेंदूंची घडण निसर्गतःच वेगवेगळी असते, हा न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार त्याच सुमारास, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर आणि इंटरनेटवर एकमेकांना भेटलेल्या स्वमग्न माणसांमधून पुढे आला. सिनेमा त्याच्या आधीच कामाला लागला होता, पण फार वेगळ्या दिशेने.

१९८८चा ‘रेन मॅन’ टाळून या विषयावर बोलताच येत नाही. बॅरी लेव्हिन्सनचा हा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर घेऊन गेला, त्यांतले एक डस्टिन हॉफमनच्या अभिनयासाठी होते. त्याने स्वमग्नता हा शब्द जगभरच्या घरांत पोहोचवला, आणि अनेक आईबापांना पहिल्यांदाच शेजाऱ्यांना सांगता आले की आमचे मूल असे आहे. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण पटकथाकार बॅरी मॉरोला ज्याच्यावरून हे पात्र सुचले तो किम पीक स्वमग्न नव्हता, असेच पुढच्या तपासण्यांमधून दिसले. त्याच्या मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता, आणि त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. हॉफमनच्या रेमंडने फोनबुक पाठ केले, पत्ते मोजले, आणि पुढची तीस वर्षे स्वमग्न मुलांच्या पालकांना पाहुणे विचारत राहिले: ‘मग याच्यात काय खास आहे?’ बहुतेक स्वमग्न माणसांत असे अचाट काही नसते. त्यांच्या वाट्याला आलेली ही निराशा त्या चित्रपटाची दुसरी बाजू आहे.

‘रेन मॅन’ची रचनाही बारकाईने पाहण्याजोगी आहे. बदलतो तो टॉम क्रूझचा चार्ली. रेमंड जिथून निघाला तिथेच परत जातो. स्वमग्न माणूस हा दुसऱ्या कुणाच्या मनाचे परिवर्तन घडवण्यासाठी कथेत येतो, ही चौकट इतकी टिकाऊ निघाली की ‘माय नेम इज खान’ (२०१०) आणि ‘बर्फी!’ (२०१२) या आपल्या मोठ्या हिंदी चित्रपटांतही तिचे धागे दिसतात. मराठीत १९९१च्या ‘चौकट राजा’त दिलीप प्रभावळकरांनी नंदू इतक्या जिव्हाळ्याने उभा केला की एका पिढीला तो घरचाच वाटला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा प्रसाद ओक यांचा ‘कच्चा लिंबू’ (२०१७) हा तर आईबापांच्या थकव्याबद्दल इतक्या धीटपणे बोलतो की असे भारतीय चित्रपट फार थोडे सापडतील. हे दोन्ही चित्रपट स्वमग्नतेचे नव्हेत, बौद्धिक अक्षमतेचे आहेत, पण प्रश्न एकच आहे. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते? आईच्या, मैत्रिणीच्या, समाजाच्या. त्या मुलाच्या डोळ्यांनी जग कसे दिसते, याची जबाबदारी एका कुशल नटाच्या अंदाजावर सोडलेली असते.

हा अंदाज किती फसू शकतो, ते २०२१ साली ऑस्ट्रेलियन गायिका सियाच्या ‘म्युझिक’ या चित्रपटाने दाखवले. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलीची भूमिका स्वमग्न नसलेल्या मॅडी झीग्लरने केली होती. मुलगी अस्वस्थ झाल्यावर तिला जमिनीवर दाबून धरण्याचे प्रसंग त्यात होते. अशा दाबण्याने माणसे दगावलेली आहेत, आणि स्वमग्न प्रेक्षक हे पाहून हादरले. सियाने माफी मागितली, ते प्रसंग काढण्याचे आणि सुरुवातीला सूचना टाकण्याचे जाहीर केले. या वादात तिने आधी सांगितलेली एक गोष्ट मात्र मागे पडली, आणि ती सर्वांत बोलकी आहे. न बोलणाऱ्या एका स्वमग्न मुलीसोबत काम करून पाहिले होते, पण तिला ते त्रासाचे आणि ताणाचे वाटले, असे सियाचे म्हणणे होते. म्हणजे सेट त्या मुलीला मानवला नाही, तेव्हा सेट तसाच ठेवून मुलगी बदलली गेली.

चित्रीकरणाची जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. चार-पाच तासांचा खोळंबा आणि मग एकाएकी घाई. डोळ्यांवर हजारो वॅटचे दिवे. कानाजवळ वाजणारी क्लॅप. ‘सायलेन्स!’ असे ओरडून मिळवलेली शांतता. मेकअप करणाऱ्याची अनोळखी बोटे गालांवर. ऐनवेळी बदललेला संवाद, ऐनवेळी पुढे ढकललेला सीन. ज्याच्या त्वचेला शर्टाचे लेबलही सहन होत नाही आणि ज्याचा दिवस ठरल्याप्रमाणे गेला तरच निभतो, अशा माणसाला हटकून मोडून टाकायचे असेल तर याहून चांगली जागा मिळणार नाही. पण यातली कोणतीही गोष्ट सिनेमासाठी अटळ नाही. क्लॅप हळू वाजवता येते, शॉटच्या शेवटी वाजवता येते. दिवसाचा कार्यक्रम आदल्या रात्री चित्रांसह लिहून देता येतो. दाराबाहेर एक अंधारी, शांत खोली ठेवता येते. हे करायला पैशापेक्षा वेळ लागतो. मोठ्या निर्मितीत दर तासाला लाखो उडत असल्याने वेळ हीच सर्वांत महाग वस्तू असते. स्वतंत्र सिनेमाकडे पैसा नसतो, पण पाच वर्षे एकाच माणसाबरोबर काढण्याची मुभा असते.

दिग्दर्शक रेचल इस्राएलने ती मुभा वापरली. चित्रकलेच्या एका वर्गात तिची ब्रँडन पोलान्स्की या तरुणाशी ओळख झाली होती. पुढे तो न्यूयॉर्कमधल्या ज्यू समाजकेंद्रात स्वमग्न प्रौढांच्या गटात जाऊ लागला, तिथे प्रेमात पडला. त्याच्या या अनुभवातून तिने आधी एक लघुपट केला आणि २०१७ साली ‘कीप द चेंज’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट. नायकाच्या भूमिकेत स्वतः ब्रँडन, नायिकेच्या भूमिकेत सामंथा एलिसोफॉन, आणि गटातली इतर पात्रेही स्वमग्न माणसांनीच केलेली. त्या वर्षी ट्रायबेका महोत्सवात अमेरिकी कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले.

गोष्ट साधी आहे. श्रीमंत घरातला डेव्हिड पोलिसासमोर नको तो विनोद करून बसतो आणि शिक्षा म्हणून त्याला या गटात बसावे लागते. आपण ‘त्यांच्यातले’ नाही हे सिद्ध करण्याची त्याची सारखी धडपड चाललेली. तिथे सारा भेटते. दोघांना मिळून ब्रुकलिन ब्रिजवर जाऊन येण्याचे काम देतात. आता हे प्रेमपटांचे अगदी ओळखीचे वळण. पण पुलापर्यंत पोहोचणे हेच इथे नाट्य होते, कारण डेव्हिडला बस म्हणजे संकट वाटते आणि साराला कसलाच संकोच नाही. ती मोठ्याने बोलते, मोठ्याने गाते, त्याच्या अंगचटीला येते. त्याला लाज वाटते ती तिची नाही, तिच्यात दिसणाऱ्या स्वतःची. हे पटकथेत लिहून दिलेले वाटत नाही. संवाद कलाकारांच्या बोलण्याच्या लकबींतून घडले आहेत; कोणाची वाक्ये मध्येच तुटतात, कोणी एकच गोष्ट तीनदा सांगतो, कोणाचा आवाज प्रसंगाला न शोभेसा वर जातो, आणि संकलक ते कापत नाही.

सर्वांत मोलाचे म्हणजे डेव्हिड अप्रिय होऊ शकतो. तो खोटे बोलतो, आढ्यतेने वागतो, बायकांबद्दलचे त्याचे विनोद ओंगळ असतात. ‘रेन मॅन’नंतरच्या तीस वर्षांत स्वमग्न पात्राला निरागसतेच्या शिक्षेतून सुटकाच नव्हती, देवाघरचे फूल होण्याची सक्ती होती. ब्रँडनला ती सक्ती मान्य नव्हती. ज्याला वाईट वागता येते त्याच्यावरच प्रेक्षक खरोखर रागावू शकतो, आणि ज्याच्यावर रागावता येते त्याच्याशी बरोबरीचे नाते जुळू शकते.

त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात अमेरिकी माहितीपटांचे सर्वोच्च पारितोषिक ‘डिना’ला मिळाले. फिलाडेल्फियाच्या उपनगरातली पन्नाशीकडे झुकलेली डिना आणि वॉलमार्टच्या दाराशी गिऱ्हाइकांचे स्वागत करणारा स्कॉट, दोघेही स्वमग्न, लग्नाच्या तयारीत आहेत. तिला शरीरसंबंध हवे आहेत, त्याला त्याची भीती वाटते, आणि समुद्रकाठच्या बाकावर बसून दोघे याविषयी ज्या सरळपणे बोलतात ते ऐकून बाकीचे सगळे प्रेमपट बोबडे वाटू लागतात. दिग्दर्शक डॅन सिकल्स आणि अँटोनियो सँतिनी कॅमेरा हलवतच नाहीत. स्थिर, लांब, समोरून घेतलेले शॉट. कोणाच्या चेहऱ्यावर झेप घालून भावना खेचून काढायची नाही, हे त्यांनी ठरवलेले दिसते.

‘डीज’ (२०१७) हा माहितीपट मात्र अधिकाराच्या प्रश्नाला थेट भिडतो. डी. जे. सव्हरीज बोलत नाही. टंकलेखन करतो आणि यंत्र ते वाचून दाखवते. जन्मदात्यांनी सोडून दिलेला आणि पुढे दत्तक घेतलेला हा मुलगा पुढे ओबर्लिन कॉलेजात शिकला, कविता लिहू लागला. दिग्दर्शक रॉबर्ट रूय त्याच्यावर चित्रपट करत होता, पण डी. जे. केवळ विषय व्हायला तयार नव्हता. शेवटी तो सहनिर्माता झाला. त्याच्या कवितांवर एम कूपरने तैलरंगांत केलेले ॲनिमेशन पडद्यावर लाटांसारखे हलत राहते. चित्रपटाला पीबडी पुरस्कार मिळाला. श्रेयनामावलीतल्या त्या एका ओळीसाठी, ‘सहनिर्माता’ या ओळीसाठी, किती भांडावे लागते हे सिनेमाच्या धंद्यातला कोणीही सांगेल. कोणता शॉट राहील आणि कोणता जाईल, हे ठरवण्याचा हक्क त्या ओळीत असतो.

याच्या दहा वर्षे आधी, जानेवारी २००७मध्ये, अमेरिकेतल्या मेल बॅग्ज यांनी यूट्यूबवर साडेआठ मिनिटांची एक फीत टाकली होती: ‘इन माय लँग्वेज’. न्यूरोडायव्हर्स चित्रनिर्मितीचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याने या फितीला एक प्रकरण द्यावे. पहिल्या भागात शब्द नाहीत. खिडकीसमोर हात हलतात, अंग डोलते, तारेने काहीतरी घासल्याचा आवाज येतो, नळाच्या धारेखाली बोटे फिरतात, आणि या सगळ्यावर एक गुणगुणणे चाललेले. दुसऱ्या भागात संगणकाचा आवाज त्याचा अर्थ सांगू लागतो. पाण्याची धार कशाचे तरी प्रतीक आहे असे समजू नका, असे तो बजावतो. हा पाण्याशी चाललेला संवाद आहे. तुमची भाषा शिकले तरच मी विचार करते असे मानले जाते, माझी भाषा तुम्ही शिकला नाहीत तर ते तुमचे अज्ञान का ठरत नाही, असा बॅग्ज यांचा सवाल होता. घरचा कॅमेरा, एकटा माणूस, निर्माता नाही, महोत्सव नाही. पण प्रेक्षक पहिली तीन मिनिटे अस्वस्थ होतो आणि मग त्याला कळते की त्या तीन मिनिटांत नापास तो स्वतः झाला आहे. पाच वर्षांनी, २०१२ साली, स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी हेच सिद्धान्ताच्या रूपात मांडले: समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. बॅग्ज २०२० साली वारले, तरी ती फीत पाहिली जाते आहे.

बॅग्ज यांच्याही आधी फ्रान्समध्ये फर्नांड देलिन्यी होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सेव्हेनच्या डोंगराळ भागात ते न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांबरोबर राहत. मुले दिवसभर कुठे हिंडली त्याच्या रेषा सोबतची मोठी माणसे कागदावर काढत. उपचार नाही, अर्थ लावणे नाही, नुसती रेषा. रेनो व्हिक्तोरने तिथे केलेला ‘स गामँ, ला’ (१९७६) पाहताना वाटते की कॅमेराही तशीच एक रेषा ओढतो आहे. या चित्रपटाच्या पाठीशी फ्रान्स्वा त्रुफोही उभे राहिले होते. पण देलिन्यींच्या मुलांच्या हाती कॅमेरा नव्हता. तो अशा एका गटाच्या हाती पोहोचायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

तो पोहोचला ‘द स्टिमिंग पूल’मध्ये. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या ‘ऑटिझम थ्रू सिनेमा’ या प्रकल्पातून, वेलकम ट्रस्टच्या साहाय्याने, हा चित्रपट घडला आणि २०२४ साली कोपनहेगनच्या माहितीपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक म्हणून स्टीव्हन ईस्टवुड यांच्या जोडीला ‘न्यूरोकल्चर्स कलेक्टिव्ह’चे नाव आहे: सॅम चाऊन-अहर्न, जॉर्जिया ब्रॅडबर्न, बेंजामिन ब्राऊन, रॉबिन एलियट-नोल्स आणि लूसी वॉकर. पाचही जण स्वमग्न कलावंत. छायालेखक ग्रेगरी ओक, ज्याने ‘आफ्टरसन’ टिपला.

या चित्रपटात प्रयोगशाळेतली नजर मोजण्याची चाचणी आहे. तेच यंत्र, पडद्यावरची तीच चित्रे, तोच ‘इकडे पाहा’चा आग्रह. फरक एवढाच की आता चाचणी देणारी बाजू चाचणी चित्रित करते आहे. आणि चित्रपट पुढे त्या बाजूच्या नजरेसारखाच वागू लागतो. कॅमेरा एका माणसाला धरून ठेवत नाही. रिले शर्यतीतल्या दांड्यासारखा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. कार्यालयात इतरांसारखे दिसण्याची कसरत करत दिवस काढणारे एक पात्र. गजबजलेला पब, जिथे सगळे आवाज एकाच उंचीवर येऊन आदळतात. भयपटांचा वेडा क्लबचालक, जो दुर्मीळ बी-ग्रेड चित्रपटांची ओळख करून देतो आणि ज्याच्या मनातला भयपट ॲनिमेशन होऊन पडद्यावर उतरतो. मध्येच कॅमेरा भिंतीच्या पोताकडे, दिव्याच्या थरथरीकडे ओढला जातो आणि तिथेच रमतो. कथा वाट पाहते. शेवटाकडे एक जलतरण तलाव येतो, जिथे लोक मनसोक्त हात झटकतात, डोलतात, गोल फिरतात. घरात, शाळेत, कचेरीत दाबून ठेवलेली ही हालचाल, जिला ते स्टिमिंग म्हणतात, तिथे कोणालाच लपवावी लागत नाही.

पात्रांचा प्रवास, संघर्ष, उकल असे काही शोधायला बसलेल्याला हा चित्रपट हाती लागणार नाही, आणि काही भाग खरोखरच सैल आहेत. पाच जणांची पाच स्वप्ने एका सुतात ओवताना गाठी दिसतात. तरीही सिनेमाच्या भाषेत इतकी खरी भर घालणारे चित्रपट अलीकडे थोडे झाले. येलच्या प्रयोगात जी नजर चुकार ठरली होती तीच इथे दिग्दर्शनाची रीत झाली आहे.

याच्याशेजारी जेरी रॉथवेलचा ‘द रीझन आय जंप’ (२०२०) ठेवून पाहावा, कारण त्यात भारत आहे. जपानच्या नाओकी हिगाशिदाने तेराव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकावरून केलेला हा माहितीपट ब्रिटन, अमेरिका, सिएरा लिओन आणि नोएडा इथल्या स्वमग्न मुलामुलींना भेटतो. नोएडाची अमृत चित्रे काढते. ती बोलून सांगू शकत नाही ते, म्हणजे दिवसभरात पाहिलेली माणसे, रस्ते, गर्दी, तिच्या रेषांत भराभर उतरते, आणि तिच्या आईला उमगते की ही आपल्याला कित्येक वर्षे गोष्टीच सांगत होती. चित्रपटाचे ध्वनी-आरेखन असे आहे की छपरावरचा पावसाचा एकेक थेंब वेगळा ऐकू येतो. सनडान्समध्ये प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्याला मिळाला. मात्र अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलण्याची जी पद्धत तो दाखवतो तिच्यावर गंभीर आक्षेप आहेत. सोबतच्या माणसाकडून नकळत इशारे मिळतात, म्हणून अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली अशा पद्धतींविरुद्ध सावध केले. चित्रपट या वादाला स्पर्शही करत नाही. ज्यांचा आवाज ऐकायचा त्यांच्याच बाबतीत तो आवाज नक्की कोणाचा, हे विचारायला हवे होते. अमृतच्या चित्रांबद्दल असा प्रश्न उरत नाही.

महाराष्ट्रात याची जमीन कोरडी नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य हाताळले, तेही अभ्यास करून आणि माणसाची प्रतिष्ठा राखून. मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे त्यांच्या या प्रवासात नट आणि निर्माता म्हणून सोबत होते. मनाच्या आजारांवर इतक्या सातत्याने चित्रपट करणारी दुसरी जोडी भारतात दाखवणे कठीण आहे. आणि २०१४ साली महेश लिमये यांनी ‘यलो’मध्ये पुढचे पाऊल टाकले. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच आयुष्यावरच्या चित्रपटात स्वतः उभी राहिली. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा आणि बालपणीची गौरी साकारणाऱ्या संजना रायचा विशेष उल्लेख झाला. आमिर खानच्या ‘सितारे जमीन पर’मध्ये (२०२५) दहा न्यूरोडायव्हर्स कलाकार आले, त्याच्या अकरा वर्षे आधी हे मराठीत घडले होते, याची आठवण तेव्हा फार कोणी काढली नाही. दोन्ही चित्रपटांत कथेची सूत्रे मात्र बऱ्याच अंशी प्रशिक्षकाच्या हाती राहतात. पुढचे पाऊल पटकथेचे आहे, संकलनाचे आहे, आणि ते कोणा सुपरस्टारची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. मोबाइलवर उत्तम चित्रीकरण होते, आणि बॅग्ज यांच्याकडे २००७ साली तेवढेही नव्हते.

कायदाही आता मदतीला आहे. ‘आंख मिचोली’ या हिंदी चित्रपटावरच्या निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेत ८ जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने चित्रपटावर कारवाई केली नाही, पण दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. हिणवणारे शब्द टाळावेत, दिव्यांग माणसाला बापुडवाणा किंवा अलौकिक करू नये, आणि त्यांच्याविषयी काही करताना त्यांना निर्णयात सामील करून घ्यावे. विनोदावर बंदी नको, पण समजून केलेला विनोद आणि खच्ची करणारा विनोद यांत फरक करा, हा त्यातला विवेक पटकथाकारांनी मूळ निकालपत्रातच वाचण्याजोगा आहे.

राहिला प्रेक्षागृहाचा प्रश्न, आणि तो सोडवायला सर्वांत सोपा आहे. २००७ साली मेरीलँडमधल्या एका आईच्या विनंतीवरून एएमसी चित्रपटगृहाने वेगळे खेळ सुरू केले: दिवे पूर्ण विझवायचे नाहीत, आवाज कमी ठेवायचा, जाहिराती नाहीत, आणि कोणाला उठून फिरावेसे, नाचावेसे, मोठ्याने बोलावेसे वाटले तर वाटू द्यायचे. ब्रिटनमध्ये २०११पासून ओडियन साखळीने तेच केले. आपल्याकडची चित्रपटगृहे कानठळ्या बसवणाऱ्या ट्रेलरनी खेळ सुरू करतात, आणि स्वमग्न मुलाला घेऊन आलेले कुटुंब मध्यंतराआधीच बाहेर पडते. मल्टिप्लेक्सना पटवायला वेळ लागेल. पण मुंबईचे प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना त्यांची वाट पाहण्याची गरज नाही. महिन्यातला एक खेळ असा ठेवता येईल. मागच्या दोन रांगा मोकळ्या सोडायच्या, ध्वनियंत्रावर आवाजाची खूण आधीच करून ठेवायची, दार उघडे राहील असे निमंत्रणातच छापायचे, आणि खेळानंतरच्या चर्चेत लिहून किंवा चित्र काढून भाग घेता येईल असे कागद-पेन्सिली ठेवायच्या. पहिल्या खेळाला ‘द स्टिमिंग पूल’ निवडावा. तो दीड तासाहून लहान आहे, आणि त्यात कुठूनही आत शिरता येते.